मुद्दा क्रमांक दोन

ज्ञानदेव सोनवणे यांचा गुडघा ठणठणीत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एक नाही, दोन्ही. नाहीतर वाचता वाचता तुम्हीही त्यांना मेथीदाणे भिजवून खायला सांगाल, आणि हल्ली मेथीचं नाव काढलं तरी ज्ञानदेवांचा चेहरा उतरतो.

बिघडलं होतं ते वेगळंच. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या छातीत मधूनच धडधडायला लागलं होतं. काही कारण नसताना. ऑफिसला निघून रिक्षात बसले की वाटायचं, घरी गॅस चालू राहिला. मग गोल्डन नेस्टच्या सिग्नलवरून ते रिक्षा परत फिरवायचे, पूनम सागरमधल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर चढायचे, गॅस बघायचे. बंद. पुन्हा खाली. रिक्षात बसल्यावर वाटायचं, आत्ता बघताना चुकून चालू तर नाही ना केला? एका सकाळी हे चार वेळा झालं तेव्हा रिक्षावाल्याने हातच जोडले. "अंकल, आप एक काम करो, सिलेंडर ही साथ में ले लो."

मग डॉक्टर झाले. कार्डिओग्राम झाला, इको झाला, पट्ट्यावर धावून झालं, छातीला चोवीस तास मशीन बांधून झालं. खर्च अडतीस हजार चारशे साठ आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. काहीही झालेलं नाही हे शोधायला एवढे पैसे लागले, आणि ज्ञानदेव ज्या मंडळात नोकरीला होते त्या मंडळाने ते एका झटक्यात परत केले, कारण प्रत्येक बिलाला मशीनचा कागद जोडलेला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हृदय तुमचं माझ्यापेक्षा बरं आहे, सोनवणे. हा चिंतेचा आजार. कोणाशी तरी बोला."

"कोणाशी?"

"त्यासाठी शिकलेली माणसं असतात. पैसे घेतात, ऐकतात."

ज्ञानदेवांना वाटलं, डॉक्टर चेष्टा करतायत. पैसे देऊन बोलायचं? त्यांचे वडील परभणीहून एक ट्रंक घेऊन आले, तीस वर्षं मिलमध्ये तीन पाळ्यांत राबले. त्यांच्याही छातीत धडधडलं असेल, पण बिचाऱ्यांना ते कळायला वेळ कुठे होता! आणि त्यांचा मुलगा, निमसरकारी नोकरी, मीरा रोडला स्वतःचा फ्लॅट, मुलगी पायल पुण्याला शिकतेय, तो आता 'मला भीती वाटते' असं सांगायला पैसे मोजणार! वडिलांच्या फोटोकडे बघायचीच त्यांना चोरी झाली.

पण धडधड काही ऐकेना. तेव्हा ज्ञानदेवांनी हे काम ऑफिसच्या पद्धतीने करायचं ठरवलं. तीन कोटेशन मागवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पंखासुद्धा घेतला नव्हता. त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. एकीने मायेने विचारलं, "तुम्हाला नेमका काय त्रास होतोय?" ज्ञानदेव म्हणाले, "तो नंतर. आधी दर सांगा."

सर्वात कमी दर निघाला केबिन रोडवर. खाली फरसाणचं दुकान, पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपी, दुसऱ्यावर रुचिता मॅडमचं समुपदेशन केंद्र. पन्नास मिनिटांचे नऊशे रुपये. केबिन रोडच्या गर्दीत कोण कोणाला ओळखतंय, असाही ज्ञानदेवांचा एक अंदाज होता. अंदाजाचं पुढे काय झालं ते येईलच.

"तासाचे पैसे आणि पन्नास मिनिटं?" पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं. "दहा मिनिटं कुठे गेली?"

"त्यात मी नोंदी लिहिते," रुचिता मॅडम म्हणाल्या. पस्तिशीची, शांत बाई. नोंदी म्हटल्यावर ज्ञानदेवांचा आक्षेप मावळला.

मिनिटाला अठरा रुपये. हा आकडा त्यांच्या डोक्यात असा बसला की पहिल्या दिवशी ते आपल्या चिंता टाइप करून, क्रमांक घालून घेऊन गेले आणि बातम्या वाचाव्यात तशा धडाधड वाचल्या. एकोणीस चिंता बारा मिनिटांत संपल्या. उरलेल्या अडतीस मिनिटांचं काय करायचं हे दोघांनाही कळेना. मॅडम गप्प. हे गप्प. गप्प बसायचेही अठराच रुपये! शेवटी ज्ञानदेवांना राहवेना. "मॅडम, तुम्हीही बोला हो काहीतरी. निम्मं तरी तुमच्याकडे आलं पाहिजे."

दुसऱ्या शनिवारी मॅडम बोलल्या. एकच प्रश्न. "सोनवणे, गॅस चालू राहिला आणि काही झालं, तर दोष कोणाचा असेल?" ज्ञानदेवांनी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. कशासाठी ते त्यांनाही सांगता येईना. बावीस मिनिटं रडले. मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "ही बावीस मिनिटं ॲडजस्ट होतील का? ह्यात बोलणं असं झालेलं नाही."

"तेच झालं," मॅडम म्हणाल्या, आणि नऊशेची पावती फाडली.

त्याच दिवशी, डोळे लाल, हातात पावती, अशा अवस्थेत ते जिना उतरत होते आणि खाली समोर उभे उदय तांबे. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात पापडीची पिशवी. "काय सोनवणे! इकडे कुठे?"

माणसाच्या आयुष्यात खरं बोलायची संधी अशीच येते, हातात फरसाण घेऊन. ज्ञानदेवांनी वर बघितलं, पहिल्या मजल्यावरची फिजिओथेरपीची पाटी दिसली. "गुडघा," ते म्हणाले.

"अरे बापरे. कुठला?"

"उजवा."

"आणि डोळे कसे लाल?"

"दुखतोय हो फार."

झालं! रिक्षा पूनम सागरला पोचायच्या आत गुडघा पोचला होता. बायको निशा दारातच उभी. "अहो, एवढं दुखतंय आणि मला तांब्यांकडून कळतंय?" त्या संध्याकाळपासून ज्ञानदेव लंगडायला लागले.

लंगडणं वाटतं तितकं सोपं नाही. दाराची बेल वाजली की आधी आठवावं लागतं, मग उठावं लागतं. त्यात अख्ख्या सोसायटीला मुलगा दहावीला बसल्यासारखा उत्साह आला. शेजारच्या गुजराती भाभीने भिजवलेले मेथीदाणे पाठवले, "सुबह खाली पेट, सोनवणेभाई, एक मुट्ठी." तांबे पेणकरपाड्याहून एक मालिशवाला घेऊन आले. त्याने गुडघा दाबला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "हड्डी पूरी घिस गई है." ज्ञानदेव घाबरलेच. त्यांना क्षणभर खरंच दुखलं. लिफ्टपाशी रांग असली तर लोक बाजूला व्हायला लागले. पोटात बाळ असलेल्या एका बाईने त्यांना पुढे जायला सांगितलं आणि ते गेले. गेले हो!

पण कळस झाला चौदा एप्रिलला. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत ज्ञानदेव पांढरा शर्ट, निळं उपरणं घालून पहिल्या रांगेत चालायचे. यंदा कार्यकर्त्यांनी त्यांना उचलून ज्येष्ठ महिलांच्या टेम्पोत बसवलं. शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या इंदूबाई. त्या स्वतः चालायला खाली उतरल्या आणि जाताना आपली उशी ज्ञानदेवांच्या गुडघ्याखाली सारून गेल्या. पूर्ण मिरवणूकभर ज्ञानदेव उशीवर पाय ठेवून बसले होते आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

आणि निशा. निशा बालवाडीत शिकवते. दिवसभर तीस पोरांच्या मागे धावून आली की चहा झाल्यावर ती तेल कोमट करायची आणि नवऱ्याच्या धडधाकट गुडघ्याला अर्धा तास चोळायची. मनगट दुखायचं तिचं. मधेच थांबून स्वतःचं मनगट दाबायची आणि पुन्हा सुरू. ज्ञानदेव छताकडे बघत पडून राहायचे. रुचिता मॅडमकडे जाऊन गॅसची भीती कमी होत होती, धडधड कमी होत होती, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत ही नवी लाज येऊन बसत होती. मॅडमना सांगावं तर त्याचेही पैसे पडणार.

आठ शनिवार झाले. सात हजार दोनशे रुपये. तेव्हा निशाच म्हणाली, "गुडघ्याची बिलं ऑफिसात का लावत नाही तुम्ही? टेबल तर तुमचंच."

इथे एक सांगायला हवं. मंडळाच्या भाईंदर पश्चिमेच्या ऑफिसात ज्ञानदेव एकवीस वर्षं वैद्यकीय बिलांच्याच टेबलावर होते. कर्मचाऱ्यांनी आजारपणात केलेला खर्च मंडळाकडून परत हवा असेल तर कागद त्यांच्या हाताखालून जायचा. माणूस कडक. खोटं बिल त्यांना वासाने कळायचं. कोणाचा चहा घेतला नाही, कोणाची ओळख मानली नाही. टिप्पणीत खाडाखोड केली म्हणून एका क्लार्कला त्यांनी रडवलं होतं. "फाईलवर एकदा लिहिलं ते लिहिलं. खोडायची सोय नाही," हे त्यांचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ.

तर असा माणूस खोटं बिल कसं लावणार? गुडघ्याचं बिल नव्हतंच. आणि बिल लावलं नाही तर निशा रोज विचारणार. ज्ञानदेवांनी मार्ग काढला: खरं बिल लावायचं, समुपदेशनाचं, आपल्याच टेबलावर गुपचूप निघेल, पैसे येतील, गुडघ्याचे म्हणून सांगता येईल. पण घाईत ते विसरले की स्वतःचं बिल स्वतः तपासायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम सात वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनीच आणला होता. बिल गेलं शेजारच्या टेबलावर, लोकेश वाघमारेकडे.

लोकेश चाळिशीचा, सज्जन, ज्ञानदेवांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने बिल वाचलं. मग ज्ञानदेवांच्या पायाकडे बघितलं. मग पुन्हा बिल वाचलं. "सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुडघा?"

"ते वेगळं."

"बरं सर." लोकेशने पुढे काही विचारलं नाही, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं. चार दिवसांनी तो एक जुनी फाईल घेऊन आला. तोंड पडलेलं. "सर, तुम्हीच शिकवलंय, आधीचा निर्णय शोधून जोडायचा. सापडलाय. जोडावा लागेल."

फाईल चार वर्षांपूर्वीची. अर्जदार रामनाथ भोईर, शिपाई. समुपदेशनाच्या चार भेटी, रुपये दोन हजार चारशे. खाली टिप्पणी. अक्षर वळणदार, ओळखीचं, ज्ञानदेवांचं स्वतःचं.

"१. सदर बिलात औषध, तपासणी किंवा उपकरण यांचा उल्लेख नाही.

२. केवळ बोलणे हा उपचार मानल्यास कार्यालयात दिवसभर चालणारे बोलणेही प्रतिपूर्तीस पात्र ठरेल.

३. अर्जदार रोज कामावर हजर असून आजारी दिसत नाही.

सबब नामंजूर करावे."

ज्ञानदेवांना सगळं आठवलं. मुद्दा क्रमांक दोन तर फारच गाजला होता. तेव्हाचे साहेब एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कँटीनमध्ये कोणी गप्पा मारत बसला की लोक म्हणायचे, "बिल लाव रे!" साहेबांच्या निरोप समारंभात ती ओळ वाचून दाखवली गेली, टाळ्या पडल्या, ज्ञानदेवांनी उभं राहून नम्रपणे मान झुकवली. त्या समारंभात चहा रामनाथ वाटत होता. ती फाईल साहेबांच्या केबिनमध्ये नेणारा आणि हसण्यासकट परत आणणाराही रामनाथच, कारण फायली नेणं-आणणं हे त्याचंच काम.

आणि आताही तेच त्याचं काम होतं.

ज्ञानदेवांची फाईल टेबलाटेबलावरून फिरायला लागली. प्रत्येक टेबलावर ती रामनाथ ठेवायचा, प्रत्येक टेबलावरून तोच उचलायचा. भाईंदर गावातल्या जुन्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा माणूस. "ठेवलं, साहेब." एवढंच बोलायचा. फाईलला दोरी सैल बांधलेली असायची, आत काय आहे ते त्याला कळत नसेल असं समजायला ज्ञानदेव काही दूधखुळे नव्हते. रामनाथ समोरून आला की ते टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागायचे. दोनदा त्यांचं डोकं आपटलं.

नवीन साहेबांनी फाईलवर शेरा मारला: "चर्चा करा." ज्ञानदेव केबिनमध्ये गेले, लंगडत. साहेब म्हणाले, "सोनवणे, पूर्वीची टिप्पणी तर बिनतोड आहे हो. कोणी लिहिलीय?"

"मीच, सर."

साहेबांनी चेहरा सरळ ठेवायचा बराच प्रयत्न केला. "मग त्याचं खंडनही तुम्हीच करा. इतर उपचारांच्या तुलनेत हे बोलणं परवडतं कसं, त्याचा तक्ता द्या. खर्च एका बाजूला, फायदा दुसऱ्या बाजूला."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ज्ञानदेव तक्ता करायला बसले. खर्चाचा रकाना सोपा होता. हृदयाच्या तपासण्या, अडतीस हजार चारशे साठ, निष्पत्ती: काही नाही. बोलणे, सात हजार दोनशे. निष्पत्ती? पेन अडलं. शेवटी जे होतं ते त्यांनी लिहिलं. "गॅस तपासणे: पूर्वी आठ वेळा, आता दोन वेळा. रिक्षा परत फिरवणे: पूर्वी रोज, आता महिन्यात एकदा. बाथरूमचा नळ सोडून रडणे: पूर्वी आठवड्यातून तीनदा, आता नाही."

"नळ सोडून काय?" मागून आवाज आला. निशा. हातात तेलाची वाटी. तिने कागद उचलला, उभ्या उभ्याच पूर्ण वाचला. बराच वेळ वाचला. मग वाटी टेबलावर ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे दोन महिने मी कोणाच्या गुडघ्याला तेल लावतेय?"

"माझ्याच," ज्ञानदेव म्हणाले.

"हसू नका."

"मी हसत नाहीये, निशा."

"अहो, सांगितलं असतंत तर तेल नसतं लावलं. नुसती जवळ बसले असते. मला वाटायचं, इकडे पायलची फी भरायचीय आणि तुम्ही पाणी वाया घालवताय, नळाचा एवढा आवाज कसा! बाहेर उभी राहून ओरडायचे मी, पाणी बंद करा म्हणून." तिने पदराने डोळे पुसले आणि मग एकदम विचारलं, "किती घेते ती बाई?"

"नऊशे."

"आणि मी?"

ज्ञानदेवांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि वाटीतलं तेल तिलाच चोळायला लागले. तिने काही वेळ राग धरला, मग दुसरं मनगट पुढे केलं.

तक्ता गेला. आठवड्याने आदेश आला. "विशेष बाब म्हणून, पायंडा न पाडता, मंजूर."

लोकेशने हात पुढे केला. "अभिनंदन, सर!" ज्ञानदेवांनी आदेश पुन्हा वाचला. पायंडा न पाडता. म्हणजे दार त्यांच्यापुरतं उघडणार, ते आत शिरणार आणि मागे बंद होणार. नियमाच्या दृष्टीने यात काही चूक नव्हतं. त्यांनीच असे शेरे शेकड्यांनी वाचले होते. पण आदेश आणून समोर ठेवणारा माणूस अजून तिथेच उभा होता, आणि त्यांना टेबलाखाली वाकावंसं वाटेना.

"रामनाथ, बस."

रामनाथने मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी रामनाथ आलाय का म्हणून. "काय आणू, साहेब?"

"काही नको. जेवणाची सुट्टी आहे. बस."

तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, फाईल मांडीवर घेऊन. ज्ञानदेवांनी मनात माफीचे तीन मुद्दे तयार केले होते. पहिलाच आठवेना. "तुझं ते बिल," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वीचं. मी चुकलो, रामनाथ. हे असं लिहायला नको होतं. आता केस पुन्हा उघडतो, तुझे पैसे मिळवून देतो."

रामनाथ फाईलची दोरी सोडून पुन्हा बांधू लागला. ज्ञानदेवांनी सवयीने घड्याळ बघितलं आणि स्वतःचाच राग येऊन ते काढून खणात टाकलं.

"पैशाचं न्हाय, साहेब," रामनाथ शेवटी म्हणाला. "सत्यवती गेली तवा मी सा महिनं घरात बोललो न्हाय. पोरीनं नेलं त्या मॅडमकडं. तीन येळा नुसता बसून आलो. चौथ्या येळेला बायकोचं नाव घेतलं. पयल्यांदा. पाचव्या येळेला जायचं व्हतं."

"मग?"

"मग फाईल आली."

"गेला नाहीस?"

"लाज वाटली. सगळी हसत व्हती. म्हटलं, खरंच हाय, बोलायला कोण पैशे देतं? मंग हापिसात पन बोलायचं बंद केलं." त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "म्हटलं, उगाच माझ्या बोलन्याचं कोनी बिल लावील."

त्याने विनोद केला होता. चार वर्षं सांभाळून ठेवलेला. लोकेशने डब्यातला घास खाली ठेवला.

ज्ञानदेवांना आठवलं, हा माणूस किती बोलायचा! कुठल्या भरतीला कुठला मासा, कोणाच्या होडीचं लाकूड कुठून आलं, खाडीच्या पुलावरून दिसणारी प्रत्येक वस्तू कोणाची. फाईल ठेवायला यायचा आणि दहा मिनिटं हलायचा नाही. मग एकदम गप्प झाला. ज्ञानदेवांना वाटलं, चला, शिस्त आली. त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात चार वर्षं ओळीने त्यांनीच लिहिलं होतं: "मितभाषी. कामाशी काम ठेवतो. उत्तम." लिहिताना त्यांना बरंही वाटलं होतं. आता वडिलांचा फोटो, इंदूबाईंची उशी, सगळं परवडलं, पण हे उत्तम परवडेना.

"मी काय करू, रामनाथ? तूच सांग."

रामनाथने मांडीवरची फाईल उघडली. त्याला पान शोधावं लागलं नाही. "ती दोन नंबरची वळ तेवढी काढा. बाकीचं र्‍हाऊ द्या."

ज्ञानदेवांनी पेन उचललं. पेन हवेतच थांबलं. एकवीस वर्षांत त्यांनी फाईलवर एक वेलांटी खोडली नव्हती. मंजूर झालेल्या, दोन-दोन साहेबांच्या सह्या असलेल्या टिप्पणीला हात लावायचा म्हणजे खुलासा द्यावा लागणार, कदाचित मेमो मिळणार, आणि स्वतःचं बिलही अडकणार.

"सर," लोकेश घाबरून उठला, "सर, फाईल आहे ती!"

ज्ञानदेवांनी मुद्दा क्रमांक दोनवर आडवी रेघ ओढली. एक पुरेशी वाटली नाही म्हणून दुसरी ओढली. शेजारी पूर्ण सही केली, तारीख घातली. मग आपल्या आदेशाखाली लिहिलं: "विशेष बाब म्हणून नको. माझी पूर्वीची टिप्पणी चुकीची होती. दोन्ही बिले एकत्र मांडावीत व पायंडा पाडावा." अक्षर तेवढं वळणदार आलं नाही.

"द्या, नेतो," रामनाथने हात पुढे केला.

"नाही. ही मी नेणार." ज्ञानदेव फाईल घेऊन उठले आणि दाराकडे निघाले. दोन पावलं गेले असतील.

"साहेब," रामनाथ म्हणाला. "सोमवारपावेतो उजवा व्हता."

ज्ञानदेवांनी खाली पाहिलं. ते डावा पाय ओढत होते. लोकेश आधी हसला, मग रामनाथ हसला, आणि ज्ञानदेवांना वाटलं, हसू देत, ह्यांचा हक्क आहे, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

केबिनचं दार बंद होतं. साहेब जेवून परत यायला अजून अर्धा तास तरी होता. ज्ञानदेव सरळ पायांनी परत आले, फाईल टेबलावर ठेवली आणि खुर्ची रामनाथच्या समोर ओढली.

"पाचव्या वेळेला काय सांगणार होतास?"

रामनाथने दाराकडे पाहिलं, लोकेशकडे पाहिलं, मग त्या दोन रेघांकडे. पहिल्यांदाच तो खुर्चीत मागे टेकून बसला.

"तिला बोंबील आवडायचा न्हाय, साहेब," तो म्हणाला. "कोळ्याच्या घरात दिलेली पोर, आन् बोंबील न्हाय! पयल्याच दिवशी माझ्या आयला तोंडावर सांगितलान..."

लोकेशने आपला डबा उचलला आणि खुर्ची जवळ आणली.